बंपर झकास, पण ब्रेकचं काय? हायब्रिड गाडीच्या अपघातानंतरच्या कामाचा रिव्ह्यू

आधीच सांगते, शोरूमचं नाव लिहिणार नाहीये. क्लेमची थोडी भानगड अजून चालू आहे आणि नवरा म्हणतो आधी ते मिटू दे मग काय गोंधळ घालायचा तो घाल. गाडीचं मॉडेल पण सांगत नाही, सांगितलं की शोरूम कुठलं ते कळायला वेळ लागत नाही. दीड लिटर पेट्रोल स्ट्राँग हायब्रिड (म्हणजे पेट्रोल इंजिन आणि बॅटरीवरची मोटर, दोन्ही गाडी ओढतात), ३१ हजार किलोमीटर झालेली, एवढं पुरे.

झालं असं की मे महिन्यात वारज्याजवळ सर्व्हिस रोडला पुढच्या टेम्पोवाल्याने मध्येच करकचून ब्रेक मारला, मी उजवीकडे काढायला गेले आणि माझा डावा कोपरा त्याच्या मागच्या लोखंडी अँगलवर जाऊन बसला. स्पीड फार नव्हता, एअरबॅग उघडल्या नाहीत, कुणाला खरचटलंसुद्धा नाही. पण तो अँगल थेट चाकापर्यंत आत घुसला. बंपर, हेडलॅम्प, फेंडर, आतला सपोर्ट, टायर फाटला, अलॉय वाकला, लोअर आर्म आणि टाय रॉड एंड (चाकाला धरणारे आणि वळवणारे भाग) गेले, ब्रेकचं तेल नेणारा होज पाइप पण चिरला. टेम्पोला काय झालं? काही नाही. त्याने खाली उतरून अँगलवर हात फिरवला आणि "ताई, अंतर ठेवायचं असतं" म्हणून मलाच ऐकवलं. बरोबरच होतं त्याचं, काय बोलणार.

कंपनीच्याच बॉडीशॉपला टो करून नेली. कॅशलेस, झिरो डेप (म्हणजे पार्टच्या घसाऱ्याचे पैसे कापत नाहीत ती पॉलिसी). १९ दिवस लागले.

आता चांगलं ते आधी सांगते कारण ते खरंच चांगलं होतं. पेंटचं काम असं की माझ्या सासऱ्यांनी, जे आयुष्यभर प्रत्येक गोष्टीत खोट काढत आलेत, त्यांनी उन्हात उभं राहून दहा मिनिटं बघितलं आणि काहीच बोलले नाहीत. पांढऱ्या पर्लमध्ये नवं पॅनल आणि जुनं दार जुळवणं सोपं नसतं, संध्याकाळच्या उजेडात फरक दिसतोच. इथे दिसत नाही. फेंडर आणि बॉनेटमधली फट मी बोटाने चाचपून बघितली, दोन्ही बाजूंना सारखी. हेडलॅम्पचा झोत पण नीट सेट करून दिला. बॉडी आणि पेंटला माझ्याकडून ५ पैकी साडेचार.

आणि मग मी गाडी चालवली.

मी कोथरूडला राहते, ऑफिस बाणेरला. रोज संध्याकाळी चांदणी चौकातून कोथरूड डेपोकडे उतरताना मी अ‍ॅक्सिलरेटरवरून पाय काढते. हायब्रिडवाल्यांना हे व्यसन लागतं, सांगून कळणार नाही. पाय काढला की मीटरवरचा काटा चार्जच्या पट्ट्यात जातो, ब्रेकला नुसता अंगठ्याने स्पर्श केल्यासारखा पाय लावला की अजून खाली जातो, आणि उतार संपेपर्यंत बॅटरीचा एखादा दांडा वर चढतो. फुकटची वीज. महिन्याला त्याचे किती रुपये वाचतात ते मोजायच्या भानगडीत पडू नये, पण बरं वाटतं.

दुरुस्तीनंतर पहिल्याच दिवशी तिथून उतरताना काटा चार्जमध्ये गेला आणि लगेच परत आला. पुन्हा गेला, पुन्हा आला. जणू कोणीतरी खालून त्याला टिचक्या मारतंय. ब्रेक लावला तर गाडी थांबते, नाही असं नाही, पण शेवटी, साधारण पंधरा-वीसच्या स्पीडला एक गचका बसून नाक खाली करते. आधी ही गाडी इतकी लोण्यासारखी थांबायची की आई मागच्या सीटवर झोपलेली असली तरी सिग्नलला जाग यायची नाही. आता डेपोच्या सिग्नलला आईच म्हणाली, "अगं हळू, कुणी आलं का मध्ये?" म्हणजे माझ्या मनाचे खेळ नाहीत एवढं तरी कळलं.

ज्यांच्याकडे हायब्रिड नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. अशा गाडीत ब्रेकचं पेडल दाबलं म्हणजे थेट चाकाजवळचे पॅड आवळले जातात असं नसतं. पेडल फक्त सांगतं की बाईंना एवढं थांबायचंय. मग कॉम्प्युटर ठरवतो यातलं किती काम मोटरकडून करून घ्यायचं आणि किती तेलाच्या ब्रेककडून. मोटर उलटी जनरेटरसारखी फिरते, गाडीचा वेग खाते आणि त्याची वीज बॅटरीत भरते, यालाच रीजनरेटिव्ह ब्रेकिंग म्हणतात, आपण रीजन म्हणू. स्पीड अगदी कमी झाला की मोटरकडून तेवढं काम होत नाही, मग शेवटच्या टप्प्यात सगळा भार तेलाच्या ब्रेकवर येतो. एकाने सोडायचं आणि दुसऱ्याने धरायचं, आणि हे सगळं पायाला न कळता. सगळी करामत या हातबदलात आहे. तो बिघडला की गचका. आणि याच कारणाने हायब्रिडचे पॅड वर्षानुवर्षं टिकतात, माझे ३१ हजारला जवळजवळ नव्यासारखे होते.

अजून एक गोष्ट मला नंतर कळली. दोन्ही ब्रेकचा हिशोब चारही चाकांच्या स्पीड सेन्सरवर चालतो. एखादं चाक घसरतंय असा नुसता संशय आला तरी कॉम्प्युटर रीजन सोडून देतो आणि साधा ब्रेक धरतो. सेफ्टीसाठी ते बरोबरच आहे. पण या क्षणात पायाला ब्रेक सुटल्यासारखा वाटतो. फेब्रुवारी २०१० मध्ये टोयोटाने प्रियस आणि बाकीच्या काही हायब्रिड मिळून जगभर चार लाखांवर गाड्या एबीएसचं (ब्रेक लावताना चाक लॉक होऊ न देणाऱ्या यंत्रणेचं) सॉफ्टवेअर बदलायला परत बोलावल्या होत्या, तेव्हा लोकांची तक्रार साधारण हीच होती, खडबडीत किंवा निसरड्या रस्त्यावर हळू ब्रेक लावताना मध्येच क्षणभर पकड जाते. म्हणजे "असं काही नसतं मॅडम" असं कोणी म्हणालं तर ते असतं, चांगलं २०१० पासून जगजाहीर असतं.

आणि अर्थात तसं म्हणालेच.

पहिल्या फेरीला सर्व्हिस अ‍ॅडव्हायझर म्हणाला, "मॅडम, मीटरवर लाइट आहे का? नाही ना? मग एरर नाही." मी म्हटलं अरे लाइट नाही म्हणूनच तर सांगायला आलेय, लाइट असता तर तुम्हालाच दिसला असता. मग म्हणाला नवीन ब्रेक पॅड आहेत, सेट व्हायला हजार किलोमीटर लागतात. घरी येऊन बिल काढलं. पॅड बदललेलेच नव्हते! बारा क्लिपा वेगळ्या लिहिल्यात, दीड लिटर कूलंट लिहिलंय, पॅडचा पत्ता नाही.

दुसऱ्या फेरीला त्यांचा ड्रायव्हर एकटाच गाडी घेऊन मागच्या गल्लीत गेला आणि चार मिनिटांत परत आला. ओके आहे म्हणे. मी म्हटलं मी शेजारी बसते, मोठ्या रस्त्याला चला, उतारावर दाखवते. तर इन्शुरन्सचा नियम आहे म्हणून कस्टमरला बसवता येत नाही. कुठला नियम, कोणाचा, ते काही सांगितलं नाही. मग अ‍ॅडव्हायझर माझ्या नवऱ्याकडे वळून, हे लक्षात घ्या, गाडी माझी, तक्रार माझी, आरसीवर नाव माझं, तर नवऱ्याकडे वळून म्हणतो, "सर, अपघातानंतर लेडीजना थोडी भीती बसते, पायाचं प्रेशर बदलतं." नवऱ्याला गाडीतलं वायपर आणि हॉर्न सोडून काही कळत नाही. तो बिचारा माझ्याकडे बघायला लागला की आता हिचा भडका उडणार. मी भडकले नाही. घरी आल्यावर मात्र भांडी जरा जोरात घासली गेली.

तेव्हापासून मी वही ठेवली. रोजचं अ‍ॅव्हरेज आणि उतारानंतर बॅटरी किती, तारीख घालून फोनमध्ये फोटो. अपघाताआधी माझं शहरातलं अ‍ॅव्हरेज २२-२३ पडायचं, आता १७-१८. दुसरं म्हणजे घरी पोचल्यावर चाकांवर पाण्याचे थेंब टाकून बघायचे. डाव्या पुढच्या चाकाच्या डिस्कवर चर्र व्हायचं, उजव्यावर नुसते ओघळायचे. डाव्या अलॉयवर काळी धूळ पण जास्त. हे काही फार मोठं शास्त्र नाही, तव्यावर पाणी शिंपडून बघतो तसंच.

मध्ये एकदा मुंबईला गेलो तेव्हा मात्र माझीच थोडी फसगत झाली, तेही सांगायला पाहिजे. लोणावळ्यावरून घाट उतरताना निम्म्यातच चार्जिंग पूर्ण बंद झालं आणि इंजिन उगाच घूंऽ करून ओरडायला लागलं. मला वाटलं झालं, गेलं सगळं. पण तो बिघाड नव्हताच. या गाड्यांची बॅटरी एवढीशी असते, घरच्या मीटरवरचं एक युनिट पण त्यात पूर्ण मावत नाही, आणि त्यातला सुद्धा मधलाच भाग वापरतात. आता हिशोब करा. माणसं धरून दीड हजार किलोची गाडी, लोणावळ्यापासून खोपोलीपर्यंत पाचशे मीटर खाली उतरते, यात कागदावर दोन युनिट वीज होते. हवा आणि टायर त्यातलं बरंच खातात तरी उरलेलं ठेवायचं कुठे? बॅटरी भरली की गाडी रीजन सोडते आणि वेग धरायला इंजिन फिरवते, म्हणून तो आवाज. माझ्या गाडीत बी मोड आहे तो पण यासाठीच, बी म्हणजे बॅटरी नव्हे, इंजिन ब्रेकिंग. अर्ध्या लोकांना हे माहीत नाही, मला पण नव्हतं. तर घाटातलं सोडून द्या. चांदणी चौकाच्या उतारावर बॅटरी निम्मी रिकामी असताना काटा उड्या मारतो, ते खरं दुखणं.

तिसरी फेरी मी केली नाही. ऑफिसमधल्या एकाने भोसरीचं एक छोटं गॅरेज सुचवलं. छोटं म्हणजे दोन गाड्यांची शेड, बाहेर चहाची टपरी, पण आत भिंतीला लावलेला मोठा स्क्रीन आणि लॅपटॉप. मालक आधी बारा वर्षं कंपनीच्या वर्कशॉपला होते. त्यांनी बॉनेट उघडायच्या आधी मला विचारलं, "ताई, आधी तुम्ही चालवा, मी बाजूला बसतो. जिथे होतं तिथेच न्या." मला खरं सांगते रडूच यायचं बाकी होतं. दीड महिन्यात पहिल्यांदा कोणीतरी हे म्हणालं.

गाडीच्या कॉम्प्युटरला स्कॅनर लावून आम्ही स्पाइन रोडला गेलो. स्क्रीनवर दोन आकडे शेजारी शेजारी पळत होते, कॉम्प्युटर मोटरकडे किती ब्रेक मागतोय आणि मोटर प्रत्यक्षात किती देतेय. नीट गाडीत हे दोन्ही बरोबरीने चालतात म्हणे. माझ्यात मागणीच मध्येमध्ये शून्यावर पडत होती. म्हणजे मोटर ठीक, बॅटरी ठीक, कॉम्प्युटरच घाबरून हात काढून घेतोय. का घाबरतोय? त्यांनी चारही चाकांचा स्पीड उघडला. तीन चाकं ४२, ४२, ४२ आणि डावं पुढचं ४२, ४२, ३५, ४२. नुसतं डोळा लवावा तेवढ्या वेळात. मेमरीत त्याच चाकाचा बिघाडाचा एक जुना कोड पण पडून होता. लाइट कधीतरी लागून आपोआप विझला असणार, आणि शोरूममध्ये कुणी स्कॅनर लावलाच नसणार.

परत येऊन चाक खोललं, हबमधून सेन्सर काढला आणि टॉर्च मारून मला आत बघायला लावलं. हबच्या बेअरिंगवर एक चुंबकाची रिंग असते, सेन्सर तीच वाचतो. त्या रिंगवर लोखंडाचा कीस चिकटलेला, बारीक उभ्या मिशांसारखा, शाळेत कागदाखाली चुंबक धरून करायचो ना तसा. आतला सपोर्ट ग्राइंडरने कापताना हब उघडाच ठेवला होता, त्याची ही कृपा. मऊ ब्रश आणि चिकटपट्टी घेऊन ते अर्धा तास साफ करत बसले. एअर गनने मारलं तर बेअरिंगमध्ये जाईल म्हणाले.

गचक्याचं कारण वेगळं निघालं. होज बदलला म्हणजे ब्रेक ऑइल बाहेर आलं, म्हणजे हवा काढावी लागते. साध्या गाडीत एक जण पेडल मारतो आणि दुसरा निपल उघडतो, झालं काम. हायब्रिडमध्ये तसं चालत नाही. माझ्या गाडीचं दार उघडलं की गाडी बंद असतानासुद्धा पुढून झूंऽऽ आवाज येतो, मला इतके दिवस वाटायचं एसीचं काहीतरी असेल, तर तो ब्रेकचा प्रेशर पंप. त्याला स्कॅनरवरून शांत करून, सांगेल त्या क्रमाने हवा काढायची, आणि शेवटी व्हॉल्व्हना नव्याने शिकवायचं की किती दाबाला किती उघडायचं. शोरूममध्ये बहुतेक पंपिंग मारून मोकळे झाले होते. पेडलचा पहिला थोडा भाग पोकळ लागत होता तो त्यामुळेच, आणि मोटरने सोडल्यावर तेलाचा ब्रेक उशिरा आणि एकदम पकडायचा.

बाकी किरकोळ. पॅड आवळणाऱ्या कॅलिपरची पिन कोरडी ठणठणीत, म्हणून ते चाक गरम. टाय रॉड एंड बदलून अलाइनमेंट केलं तरी सरळ रस्त्याला स्टिअरिंग किंचित डावीकडे, आणि स्टिअरिंग सेन्सरचा झिरो पण सेट केलाच नव्हता. इन्व्हर्टरचं कूलंट वेगळं असतं, त्याची टाकी खालच्या खुणेच्या पण खाली, आणि बिलात मात्र दीड लिटर. हायव्होल्टेजच्या केशरी वायरींना त्यांनी हात लावला नाही, गरजच नव्हती, आणि विचारल्यावर म्हणाले की तसलं काम असतं तर मी तुम्हाला परत कंपनीतच पाठवलं असतं. मला हे उत्तर फार आवडलं.

सगळं मिळून ४,२०० रुपये आणि एक दिवस. शोरूमचं बिल किती होतं ते सांगत नाही, इन्शुरन्सने दिलं म्हणून, पण त्यात या ४,२०० मधलं एकही काम नव्हतं. एस्टिमेट आता पुन्हा वाचते तेव्हा हसू येतं. दोन पानं भरून पार्ट, लेबर, पेंट, क्लिपा, पण स्कॅन नावाची ओळ नाही, कॅलिब्रेशन (सेन्सर, व्हॉल्व्ह नव्याने जुळवणं) नावाची ओळ नाही. इन्शुरन्सचा सर्व्हेअर फोटोत दिसतं तेवढंच मंजूर करतो, आणि कॅलिब्रेशनचा फोटो निघत नाही. बॉडीशॉप आणि सर्व्हिस हे एकाच छपराखाली दोन वेगळे संसार आहेत, डेंटर-पेंटरने आपलं काम सोनं केलं आणि पुढे ब्रेकवाल्याने बघायचं ते कोणीच बघितलं नाही.

ज्यांची हायब्रिड आत्ता ठोकलेली उभी आहे त्यांनी एवढं करा. एस्टिमेटवर सही करायच्या आधी काम सुरू होण्यापूर्वीचा आणि नंतरचा असे दोन स्कॅन रिपोर्ट लिहून घ्या, सर्व्हेअरसमोर. नंतर मागितलं तर सप्लिमेंटरी, म्हणजे पुरवणी एस्टिमेट करावी लागते आणि मग सगळे एकमेकांकडे बोट दाखवतात. ब्रेक ऑइल उघडलं का हे स्पष्ट विचारा, उघडलं असेल तर हवा स्कॅनरने काढली का ते विचारा, समोरचा क्षणभर गप्प झाला की समजून जा. झिरो डेप असलं तरी ऑइल, कूलंट, नटबोल्ट हे कन्झ्युमेबल्सच्या वेगळ्या अ‍ॅड-ऑनशिवाय मिळत नाही, माझ्याकडे नव्हतं, ते पैसे खिशातून गेले, शिवाय दीड लिटरच्या आतल्या गाडीला कंपल्सरी १,००० रुपये कापतातच. नो क्लेम बोनस (क्लेम न केल्याबद्दल प्रीमियममध्ये मिळणारी सूट) गेला तो वेगळा, त्याबद्दल बोलायला नको. आणि डिलिव्हरी घेताना हार, पेढा, फोटो वगैरे प्रकार असतो त्यात अडकू नका, तेव्हाच अ‍ॅडव्हायझरला बाजूला बसवून दोन किलोमीटर चालवा, उतार असेल तिथे.

आता अ‍ॅव्हरेज २१ वर आलंय. पूर्ण २३ नाही, पण पाऊस आहे, एसी सतत चालू, आणि डाव्या बाजूचं टायर नवं कोरं तर उजवं झिजलेलं, तेही बदलायला पाहिजे. सगळं शोरूमच्या डोक्यावर फोडणार नाही.

गॅरेजचा स्कॅन रिपोर्ट आणि त्या मिशांचा फोटो शोरूमच्या मॅनेजरना मेल केला. आठ दिवसांनी फोन आला, ४,२०० परत करता येणार नाहीत कारण बाहेर काम केलं, पण पुढच्या सर्व्हिसला फ्री वॉश आणि इंटिरिअर क्लीनिंग देतो. मी म्हटलं लेखी द्या. अजून दिलेलं नाही.

बॉडी-पेंट साडेचार, ब्रेकचं काम एक, माझं ऐकून घेण्याबद्दल शून्य. भोसरीच्या शेडला पाच. काल डेपोचा उतार उतरताना काटा खाली गेला तो सिग्नलपर्यंत खालीच राहिला, बॅटरीचा एक दांडा वर चढला, आणि आई मागे झोपली होती.